पेट्रोल पंप ते स्थानक

२८ डिसेंबर १९९७, रविवार

आजपासून डायरी. इंग्लिशमध्ये लिहिली तर निबंध होतो, हिंदीत लिहिली तर व्याख्यान होतं, आणि मारवाडी आमच्या घरी फक्त ओरडायला वापरतात. म्हणून मराठी.

मम्मी मुंबईहून आली. उजवा गुडघा नवा. आत स्टील आणि प्लास्टिक. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे डॉक्टरला पहिला प्रश्न: गॅरंटी किती? डावा गुडघा जुनाच आहे, तो पुढच्या वर्षी बघू.

घरात मेडिकल नॉलेज असलेला माणूस मी एकटा. बी.कॉम. झालोय, पण जिमला जातो. मम्मीचा व्यायाम मी घेणार.

२९ डिसेंबर

मम्मी ऑपरेशनला तयार का झाली ते लिहून ठेवतो. जीजी येतेय.

चंदाजीजी माझी मोठी बहीण. मी दहा वर्षांचा असताना तिने दीक्षा घेतली. आता ती महासती सौम्यप्रभाजी. साध्वी गाडीत बसत नाहीत, तेव्हापासून सगळं पायी. राजस्थान झालं, एमपी झालं. धुळ्याला अकरा वर्षांत पहिल्यांदाच. इंदूरहून निघाल्यात, मार्चच्या सुमाराला पोचतील. मग पुढे कर्नाटक. परत कधी ते कोणालाच माहीत नाही.

साध्वी आल्या की जैन संघाचे लोक आग्रा रोडच्या पेट्रोल पंपापर्यंत सामोरे जातात आणि त्यांच्याबरोबर चालत स्थानकात येतात. (जैन स्थानक. एसटीचं नव्हे.) मम्मीला तेवढंच पाहिजे. पोरीच्या बाजूने पंपापासून स्थानकापर्यंत चालायचं. दुसरं काही मागणं नाही. दोन किलोमीटर पण नसेल. चिल्लर आहे.

मम्मी-पप्पा मधे दोनदा दर्शनाला जाऊन आले. माझ्या परीक्षा असायच्या. दोन्ही वेळी.

मला पर्सनली काही नाही. मी फक्त कोच.

२ जानेवारी १९९८

फिजिओथेरपिस्ट बोरसे सर आले. सांगून गेले: थोडं चालायचं, बसायचं, बर्फ लावायचा, परत थोडं. दुखायच्या आधी थांबायचं. आज जमलं म्हणून उद्या डबल करायचं नाही. मी विचारलं, दुखणार आहे हे दुखायच्या आधी कसं कळणार? म्हणे, ते पेशंटला कळतं, तुम्ही फक्त बर्फ आणा.

निगेटिव्ह माणूस. जिममध्ये असं बोलला असता तर बाहेर काढला असता.

५ जानेवारी

भिंतीवर चार्ट लावला. तीन रंगांत. बोरसे सरांनी दिलेलं सगळं दीडपट करून लिहिलं. डॉक्टर लोक नेहमी कमीच सांगतात, जबाबदारी नको म्हणून.

गुडघा वाकवायचा व्यायाम सगळ्यात अवघड. मम्मी पदराचं टोक दातात धरते. चार्टमध्ये लिहिलं: चेहरा नॉर्मल.

मम्मी म्हणाली, पग म्हारो है, थारो कोनी. म्हणजे पाय तिचा, माझा नाही. मी म्हटलं, हाच ॲटिट्यूड बदलायचाय.

आमच्याकडे वीस वर्षांपासून काम करणाऱ्या सुंदरबाई फडकं पिळतापिळता बोलल्या, तिले जराखा इसावा दे रे भाऊ, ती काय शर्यतना बैल शे? मम्मी इतकी हसली की दोन मिनिटं व्यायाम बंद. ती दोन मिनिटं नंतर भरून काढली.

१४ जानेवारी

संक्रांत. संकल्प: मम्मीशी गोड बोलायचं.

दुपारी मोडला. चूक तिची.

२५ जानेवारी

मम्मी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेली! एक गोष्ट मात्र खटकली. ती प्रत्येक ओट्यावर बसते. वच्छलाबाईंच्या ओट्यावर लोणच्याची चौकशी. पुढच्या ओट्यावर कोणाच्या तरी सुनेची. मग पुष्पाबाईंकडे पाणी. हा व्यायाम आहे की मतदारसंघाचा दौरा?

उद्यापासून ओटाबंदी. बायकांना जाऊन सांगून आलो की पेशंटला बसवू नका. वच्छलाबाई म्हणाल्या, बरं बाबा, तुझ्या आईला तूच उभी ठेव. टोमणा होता बहुतेक.

७ फेब्रुवारी

संघाचे रतिलालकाका सेंधव्याला दर्शनाला गेले होते. त्यांच्याबरोबर निरोप पाठवला होता: रविवार, पंधरा मार्च, सकाळी धुळे प्रवेश, चालेल का? आज उत्तर आलं: वर्तमान जोग.

पप्पांनी समजावलं की साधुसाध्वी पुढचं वचन देत नाहीत. त्या वेळी जसं असेल तसं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे नाही म्हणाले नाहीत. म्हणजे हो. कॅलेंडरवर पंधरा मार्चला लाल गोल केला.

काकांना विचारलं, जीजीने माझ्याबद्दल काही विचारलं का? म्हणाले, नाही. प्रवासात डोक्यात खूप गोष्टी असतात.

१६ फेब्रुवारी

घरात आजकाल रोज बेसनाच्या गट्ट्यांची भाजी. आज सकाळी गट्टे, काल गट्टे, परवा गट्टे. प्रोटीन ठीक आहे, पण लिमिट असते. मम्मीला विचारलं तर म्हणते, आपल्या घरात होतेच की नेहमी. कुठे होते? दोन महिन्यांतून एकदा व्हायची. जीजी असताना व्हायची.

वाद घातला नाही. पेशंटचा मूड सांभाळावा लागतो.

२० फेब्रुवारी

माळ्यावरचा कॅरम बोर्ड काढला. पुसला, पावडर मारली. सोंगट्या मोजल्या. राणी हरवलीय, मम्मीच्या डब्यातलं लाल बटण ठेवलं. जीजी आता खेळणार नाही हे मला माहीत आहे, मी काय मूर्ख नाही. पण लाकडाच्या वस्तू मेंटेन कराव्या लागतात.

२७ फेब्रुवारी

ओटाबंदी पूर्ण यशस्वी. मम्मी आता न बसता चौकापर्यंत जाऊन येते. रात्री दोन्ही पाय उशीवर ठेवते आणि बोलत नाही. स्टॅमिना वाढतो तेव्हा माणूस शांत होतो.

बोरसे सर चिडले. गुडघा गरम लागतोय म्हणे. मी म्हटलं, धुळं आहे सर, फेब्रुवारी संपला.

४ मार्च

इमर्जन्सी! महासतीजी नरडाण्याला पोचल्या. प्रवेश पंधराला नाही, या रविवारी. आठ मार्च!

चार्ट एका आठवड्याने मागे पडला. ही मॅनेजमेंटची चूक आहे, माझी नाही. मी तारीख स्पष्ट कळवली होती.

मम्मीने ऐकलं आणि देवाला हात जोडतात तसे माझ्या चार्टला जोडले. मग सुंदरबाईंना म्हणाली, बेसन संपू देऊ नका.

६ मार्च, शुक्रवार

ऐतिहासिक दिवस. फुल ड्रेस रिहर्सल.

सकाळी सहाला रिक्षाने मम्मीला पेट्रोल पंपावर नेलं. रिक्षा परत पाठवून दिली, म्हणजे मोह नको. मम्मी अनवाणी. म्हणाली, ती अनवाणी येणार, मी चपला घालून कशी चालू? मी म्हटलं, स्पिरिट!

निम्म्या वाटेत म्हणाली, बिट्टू, आज इथपर्यंत पुरे. उरलेलं मी रविवारी चालते, राखून ठेवते. मी म्हटलं, मम्मी, ताकद राखून ठेवल्याने कमी होते. सायन्स आहे. तिने पदर खोचला. मग चालायला लागली.

स्थानकाची पायरी शिवली. पंप ते स्थानक, पूर्ण, एकदाही न बसता! मी टाळ्या वाजवल्या. झाडणारा तोताराम पण थांबून बघत होता. मम्मी भिंतीला धरून उभी होती. घामाने पोलकं भिजलं होतं. म्हणाली, रविवारी ती असेल.

मी कोच म्हणून बरा आहे. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण इथे वाचतंय कोण.

७ मार्च

उजवा गुडघा कलिंगडासारखा. डावा त्याच्याहून वाईट. मम्मीला संडासापर्यंत दोघांनी धरून न्यावं लागलं.

बोरसे सर आले, बघितलं, चार्ट भिंतीवरून काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. बोलले असते तर उत्तर देता आलं असतं. मम्मीला म्हणाले, आठ दिवस पलंग. मम्मीने विचारलं, उद्या नुसतं उभं राहिलं तर? सर म्हणाले, अक्का, नाही हो.

पप्पा दुकानात गेले नाहीत. हॉलमध्ये बसून होते. आज गट्टे सोडून काही नव्हतं, आणि ते कोणी खाल्ले नाहीत.

टेक्निकली बघितलं तर मिशन पूर्ण झालंय. अंतर तेच, पाय तेच. फक्त दिवस वेगळा.

८ मार्च, रविवार

प्रवेश झाला. मम्मीच्या वतीने मी गेलो. पुरुष पुढे, मधे साध्वी, मागे बायका. माझ्या हातात झेंडा दिला, म्हणून सगळ्यात पुढे. झेंडेवाल्याने मागे वळायचं नसतं. चार पांढऱ्या साड्या दिसल्या, लांबून. त्यातली उंच ती जीजी असणार. किंवा तिच्या शेजारची.

मम्मीने पलंग खिडकीजवळ सरकवून घेतला होता. मिरवणूक गल्लीत येत नाही, पण जयजयकार ऐकू आला म्हणाली. तू जोरात ओरडत होतास, म्हणाली.

९ मार्च

आली होती. घरी. मम्मी उठू शकत नाही म्हणून मांगलिक, म्हणजे आशीर्वादाचा पाठ, ऐकवायला, बरोबर दुसऱ्या महासतीजी.

नीट लिहितो.

मम्मी वंदनासाठी उठायला लागली. जीजी म्हणाली, रहने दीजिए. हिंदीत बोलते आता, एकदम शुद्ध. लहानपणी सुंदरबाईंशी अहिराणीत भांडायची. सुंदरबाईंना राहवलं नाही. कितली वाळी गई व माय, असं बोलून तोंडावर पदर घेतला. जीजी हसली. तोंडावर मुहपत्ती असते त्यामुळे नक्की दिसत नाही, पण मी हसली असं धरलंय.

मम्मीने साध्वींना विचारतात तसं विचारलं, सुखशाता है? तिने विचारलं, घुटना कैसा है? मम्मी म्हणाली, चालले मी शुक्रवारी. पंपापासून स्थानकापर्यंत पूर्ण चालले. या बिट्टूला विचारा.

जीजीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, दया पालो, श्रावकजी.

साध्वी सगळ्याच श्रावकांना तसं म्हणतात, आणि खोलीत बरेच लोक होते. तिला फॉर्मल बोलणं भागच होतं.

मग गोचरी. भिक्षेचं पात्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सुंदरबाईंचे हात कच्च्या पाण्याने ओले, ते गोचरीला चालत नाहीत, म्हणून त्या आतल्या ओट्यापासून लांब. पप्पांनी वाढायला गट्ट्यांचं पातेलं उचललं. मम्मी पलंगावरून मान लांब करून बघत होती. लग्नातसुद्धा तिला एवढी खूश बघितली नाही कोणी. जीजीने पात्र पुढे केलं. आणि मी म्हटलं, जीजी, गट्टे! खास तुझ्यासाठी केलेत! एक महिना झाला, रोज करतोय!

पात्र मागे गेलं.

साध्वींसाठी मुद्दाम केलेलं त्यांना चालत नाही. घरच्यांसाठी शिजलेल्यातलंच थोडं घेतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. म्हणूनच मम्मी महिनाभर रोज गट्टे करत होती. रोजची भाजी व्हावी म्हणून. ज्या दिवशी ती येईल त्या दिवशी ती खास नसावी म्हणून.

पप्पा पातेलं धरून तसेच उभे. जीजीने काहीच घेतलं नाही. रागावली नाही. मांगलिक म्हटलं, मम्मीने डोळे मिटून ऐकलं, आणि त्या गेल्या.

मम्मी सुंदरबाईंना म्हणाली, पातेलं झाकून ठेवा. पप्पा बोलले, पण ते मारवाडीत.

कॅरम परत माळ्यावर ठेवला.

१० मार्च

उद्या सकाळी विहार, म्हणजे साध्वी पुढे निघणार. मालेगावकडे, मग पुढे. शेवटचा प्लॅन: मम्मीच्या वाटचं मी चालणार. पहिल्या मुक्कामापर्यंत. वाटेत बोलणं होईलच. साधं विचारायचंय. मी बिट्टू, ओळखलंस का, एवढंच.

नवे बूट आणले. माझा फिटनेस टॉप आहे.

११ मार्च

सूर्य उगवताच निघाल्या. मी सुरुवातीपासून वेग घेतला, पुढे जाऊन वाट बघायची असं ठरवलं होतं. पहिल्या चहाच्या टपरीपर्यंत मी सगळ्यांच्या खूप पुढे होतो. मग डाव्या टाचेला फोड आला. मग उजव्या. पुढे एका मैलाच्या दगडावर बसलो.

त्या आल्या. ना हळू, ना जोरात. सकाळी निघाल्या होत्या त्याच चालीने. मी उभा राहायला गेलो, पाय टेकवेना. त्या समोरून गेल्या.

चालताना समोरची साडेतीन हात जमीन बघत चालायचं, असा त्यांचा नियम. माझा दगड साडेतीन हातांत येत होता. म्हणजे तिने बूट तरी बघितले असणार.

वळणापर्यंत बघत राहिलो. कांद्याच्या टेम्पोने परत आलो.

संध्याकाळ

मम्मीने विचारलं, मागे वळून बघितलं का तिने? मी म्हटलं, हो, दोनदा. मम्मी म्हणाली, साध्वी मागे बघत नाहीत रे. मग म्हणाली, फोड फोडू नकोस. आज चालू नको. उद्या थोडं.

मी पलंगावर, पाय मिठाच्या पाण्यात. मम्मी उठली. बोरसे सरांनी आठ दिवस सांगितलेत, चार झालेत. वॉकर घेतला. दोन पावलं टाकली, उभी राहिली. खुर्चीवर बसली. बऱ्याच वेळाने परत उठली. तसंच करत दारापर्यंत गेली.

दारातून आग्रा रोडचा तुकडा दिसतो. पंप दिसत नाही, मालेगावकडचं वळणही दिसत नाही. ट्रक दिसतात.

अजून तिथेच उभी आहे. मी थांब म्हटलं नाही. चल पण म्हटलं नाही.