जावईबुवांची पाठवणी

४ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझ्याकडच्या तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या आणि नवा भाडेकरू न बघता तू आमची वाट बघते आहेस, हे वाचून बरं वाटलं. आता आढेवेढे घेत नाही. येतो. गेल्या आठवड्यात ही जिन्याच्या वळणावर पुन्हा पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सोलवटून निघालं. चार मजले, लिफ्ट नाही, आणि तिला दिसतं ते कडेकडेनं. मधोमध डाग तो डागच. डॉक्टर म्हणाले की आता जिन्याचं नाव काढू नका. ३१ तारखेला जागा सोडतो असं मालकांना कळवून टाकलं आहे.

सामान कमी करायला घेतलंय. एक कपाट गेलं, पलंग गेला, भांडी निम्मी झाली. अडलंय ते जावईबुवांपाशी. माझ्या कॉम्प्युटरला हे नाव तूच ठेवलंस. पोटी मुलगी नसताना भावानं जावई आणून बसवला, घरातली गार खोली त्याला आणि ही दोघं स्वयंपाकघरात, असं तू चारचौघांत म्हणाली होतीस. खोटं नव्हतं ते. चोवीस किलो वजन, आत दोन ग्राफिक कार्डं, डोकं थंड ठेवायला नळ्यांतून पाणी फिरतं. लोकांच्या न बांधलेल्या इमारतींची हुबेहूब चित्रं मी त्याच्यावर बारा वर्षं काढली. आता काम थांबवून वर्ष झालं. तुझ्या खोल्यांत तो मावणार नाही, आणि मावला तरी तुझं वायरिंग त्याला पेलणार नाही. विकायलाच हवा.

पण हिला अजून सांगितलेलं नाही. का, ते तुला ठाऊक नसेल. त्याच्यात आमचं घर आहे. घरासाठी साठवलेलं सगळं त्या मशीनमध्ये गेलं, तेव्हा पहिल्याच रविवारी ही शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की आता त्याच्यातच बांधा. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही ते बांधत आलो. गणिताची बाई ती, स्वयंपाकघराची खिडकी सहा वेळा सरकवायला लावली. उंबरा काढून टाकला. पुस्तकांची फळी कोपराच्या उंचीवर आणली. आता तिला पडद्यावरचं दिसत नाही, तरी रविवारी येऊन बसते. मी सगळ्या खोल्यांतून फिरतो, सांगत जातो, ती ऐकते. तेवढंच तिच्याजवळ उरलंय. ते मी कोणत्या तोंडानं विकायला काढलंय म्हणून सांगू?

तुझी पत्रं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणून जावईबुवांबद्दल काय लिहायचं ते वेगळ्या चिठोऱ्यावर लिही. महत्त्वाचं फोनवर बोलायचं नाही हा आपला नियम आहेच, फोनवर आपण भांडतो.

लोभ आहे तसा असू दे, जरा जास्त झाला तरी चालेल.
तुझा,
ढापण्या


९ मार्च

चि. ढापण्यास आणि चि. सौ. मास्तरीणबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येताय हे वाचलं आणि लगेच न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. सुतार म्हणाला की कमरेइतकी उंच ठेवू. मी म्हटलं, कोणाच्या कमरेइतकी? तुझ्या की माझ्या भावजयीच्या? पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, दांडी कुठे हवी ते मला कोणी शिकवू नये. शेवटी झाडूच्या दांड्यावर खूण करून दिली. मास्तरीणबाई, जखमेवर पाणी लागू देऊ नका आणि ढापण्याला पट्टी बांधू देऊ नका, तो पार्सल बांधल्यासारखी बांधतो.

दोन्ही खोल्यांना पांढरा रंग दिला आहे. मागच्या खोलीत ऊन येतं. गच्च मिठी मारून ठेवली आहे, ती येऊन घ्या.
तुमची,
ताई

(वेगळा चिठोरा)

ढापण्या, घराबद्दल मला खरंच ठाऊक नव्हतं. पण वाचताना तुझा राग आला. बायको जिन्यावरून गडगडते आहे आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास. सांगून मोकळा हो. आणि गिऱ्हाईक बघ, महिना काही तुझ्यासाठी थांबायचा नाही.


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ही दुपारी झोपली की एकेकाला बोलावतो, आणि गिऱ्हाइकं बघून नाकी नऊ आले. पहिला आला त्यानं आधी विचारलं की ह्याच्यात रंगीत दिवे लागतात का. नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला खेळ खेळायचे होते. दुसरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आला. तो म्हणे पुरा कशाला घेऊ, सुटे भाग करून विकीन. कार्डं एकीकडे, मेमरी दुसरीकडे. मी त्याला जिना दाखवला. तिसरा चांगला होता, शांत होता, पण हात न पुसता मशीनच्या काचेवर ठेवला. तू म्हणशील की स्थळं नाकारतोय. नाकारतोय खरा.

घराची फाईल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली आणि शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली. पुढचं दार उघडेपर्यंत त्या बिचाऱ्यानं अर्धा तास घेतला आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मान टाकली. म्हणजे मशीन गेलं की घरही गेलं.

हिला सांगायचं रोज ठरवतो. रविवारी ती येऊन खुर्चीत बसते, हात मांडीवर ठेवते, आणि घरी जाऊन येऊ या म्हणते. मग मी मशीनच सुरू करतो. एक युक्ती सुचली आहे, हसू नकोस. मशीन गेल्यावर टेबलाखाली छोटा पंखा बारीक लावून ठेवायचा. आवाज जवळजवळ तसाच येतो. निघेपर्यंतचे चार दिवस निभतील, आणि तुझ्याकडे आल्यावर सावकाश सांगीन.

आणि कधी कधी वाटतं, अजून दोन महिने इथेच काढावेत. जिना मी तिला हात धरून उतरवीन. मालकांशी बोलून बघू का?

तुझ्या रागालाही आम्ही लोभच समजतो, तो चालू ठेव.
तुझा,
ढापण्या


१८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

जाड पेनानं, खाली पट्टी धरून लिहिते आहे. पानावर जेमतेम सहा ओळी बसतात. ओळी एकमेकींवर चढल्या तर परीक्षकाच्या मनानं वाचा. हे दळण आणायला गेले आहेत. पत्र शेजारीण टाकील.

मला सगळं कळलंय. तुमच्या मागच्या पाकिटात दोन कागद होते. एक ह्यांच्या खिशात गेला, त्याचा आवाज आला. वाचताना काही लपवायचं असलं की हे खोकतात. मागचं पत्र वाचलं तेव्हा त्यांना बराच खोकला झाला होता. परवा टेबलाखाली पंखा लावून बघत होते. विचारलं तर म्हणाले, पायांना उकडतंय. दिसत होतं तोवर दहा वर्षं त्या मशीनच्या आवाजात वह्या तपासल्या मी. पंखा कोणता आणि जावईबुवा कोण, एवढं मला कळू नये?

वन्सं, मला त्या पडद्याची गरज उरली नाही. रविवारी बसते ती ह्यांच्यासाठी. त्यांना वाटतं की मी घर हरवून बसेन. मला वाटतं की ते हरवतील. बाकी कशात त्यांचं मन मी पाहिलंच नाही. मशीन घेताना मीच म्हटलं होतं, आता त्याच्यातच बांधा. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण हे मालकांकडे मुदत मागायला निघाले आहेत, ते फोनवर कुजबुजताना मी ऐकलं. मला आता जिन्याची भीती वाटते. हे त्यांना सांगवत नाही, कारण लगेच स्वतःला दोष देतील.

म्हणून एक उद्योग केला आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी लहान मुलांसाठी चित्रफिती बनवते. तिच्या मशीननं राम म्हटलाय. तिला फोन करून २८ तारखेला, शनिवारी, पाठवते आहे, जाहिरात बघून आल्यासारखी. ह्यांना सांगू नका. नाहीतर बायकोसाठी म्हणून विकतील, आणि मनातून कधीच सोडणार नाहीत.

तुमच्या मायेवर अवलंबून असलेली,
मास्तरीण


२३ मार्च

चि. ढापण्यास आणि चि. सौ. मास्तरीणबाईंस,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद, भांडून वाटून घ्या.

ढापण्या, ह्या पाकिटात चिठोरा नाही. उलटं करून झटकून बघ हवं तर. हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचायचं. मध्ये खोकायचं नाही. खोकला आलाच तर पाणी पी आणि तीच ओळ पुन्हा वाच.

दोघांनीही मला बजावलंय की दुसऱ्याला सांगू नका. गेले तीन-चार दिवस दोन्ही बाजूंचं पोटात ठेवून माझं जेवण धड झालेलं नाही. वॉर्डात असं पुष्कळ पाहिलं. नवरा दाराबाहेर येऊन सांगायचा की तिला कळू देऊ नका, आणि आत ती हात धरून सांगायची की त्यांना कळू देऊ नका. तेव्हा मी मान डोलवायचे. नोकरी होती. आता निवृत्त झाले आहे, म्हणून सांगते.

मास्तरीणबाई, हा मशीन विकतो आहे आणि तुमच्यापासून लपवतो आहे, कारण त्यातलं घर गेलं तर तुमच्याजवळ काही उरणार नाही असं त्याला वाटतं.

ढापण्या, थांबू नकोस, वाच. तिला हे केव्हाच कळलंय. ती रविवारी पडद्यासमोर बसते ती तुझ्यासाठी. तिला जिन्याची भीती वाटते, आणि तू स्वतःला दोष देशील म्हणून ती सांगत नाही. मुदत मागू नकोस. शनिवारी एक मुलगी येईल, ती हिचीच विद्यार्थिनी आहे. तिला नीट बघ, आवडली नाही तर नाही म्हण, पण पारखून म्हण.

आता माझं. तू मशीन आणलंस तेव्हा घराच्या पैशांचा डबा आणलास म्हणून मी वर्षभर तुझ्याशी बोलले नव्हते. त्या डब्यात तुम्ही काय करत होता ते एकदाही येऊन पाहिलं नाही. चुकलं माझं. हेही मोठ्यानं वाच.

ह्यापुढे काय ते एकमेकांना सांगा. माझ्या पोटात आता जागा नाही. माया मात्र पुष्कळ शिल्लक आहे.
तुमची,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
दोघांचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना तिसऱ्या परिच्छेदाला खोकला आला. हिनं पाण्याचा पेला पुढे केला. तो भरून तयारच ठेवला होता. पुढचं कसं वाचलं ते मलाच माहीत. माफीची ओळ हिनं दोनदा वाचायला लावली, एकदा तिच्यासाठी आणि एकदा माझ्यासाठी. मग मी रडलो. लपवून काय करू? ही म्हणाली की तिला भीती वाटते हे तिनं आधीच सांगायला हवं होतं. मी म्हटलं की मला ते दिसायला हवं होतं. डोळे तर माझे चांगले आहेत.

शनिवारी ती मुलगी आली. चाळिशीची बाई आहे, पण हिच्यासमोर दहावीतल्यासारखी उभी राहिली. मी पारखलं, तू सांगितलंस तसं. तिनं दिव्यांचं विचारलं नाही. किती तास सलग चालवता, नळ्यांतलं पाणी कधी बदललं, पंख्यातली धूळ कशानं काढता, हे विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. काचेला हात लावण्याआधी ओढणीनं पुसला. मी हो म्हटलं. रविवारची दुपार तेवढी मागून घेतली. ती म्हणाली, सोमवारी न्यायला येते.

काल शेवटचा रविवार. मी मशीन लावलं, घर उघडलं आणि नेहमीसारखा दारातून आत शिरलो. हिनं माझ्या हातावर हात ठेवला, पडदा बंद करायला सांगितला, आणि म्हणाली की आज ती दाखवील. मी डोळे मिटले. ताई, तिला सगळं पाठ आहे. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, फळीला कोपर लागतं ती जागा, सगळं मी काढलं तसंच. मग ती स्वयंपाकघरातून उजवीकडे वळली. तिथे भिंत आहे, मी म्हटलं. ती म्हणाली की होती.

दिसेनासं झाल्यापासून तीन वर्षं ती एकटीच पुढे बांधत होती. मी जुन्या खोल्या सांगत बसायचो तेव्हा ती आणखी आत गेलेली असायची. ती भिंत पाडून तिनं एक खोली काढली आहे. तुझ्यासाठीही एक आहे, पुढच्या दाराशी, म्हणजे कोण आलं-गेलं ते तुला आधी कळेल. मशीनमधलं घर तीन वर्षं जुनं निघालं. मी विचारलं की मग मला आधी का नाही सांगितलंस, मी काढलं असतं. ती म्हणाली की म्हणूनच. मी लगेच पडद्याकडे वळलो असतो.

आज सकाळी जावईबुवा गेले. दोन माणसं लागली न्यायला. खोली एकदम शांत झाली आणि टेबलावर त्यांच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला. वाईट वाटलं, खूप वाटलं. बारा वर्षं पाठ तिच्याकडे आणि तोंड पडद्याकडे करून मी तिच्याशी बोलत आलो, हे मला तेव्हा समजलं. टेबलही देऊन टाकलं.

उद्या निघतो. हे पत्र आजच तिकडे येणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती देतो, म्हणजे आमच्याआधी पोचेल. उजवीकडची ती नवी खोली कोणाची, ते मी काल विचारलं. माझी म्हणे. आत काय काय आहे विचारलं, तर समोरासमोर दोन खुर्च्या, बाकी काही नाही. तेव्हा मागच्या खोलीत, ऊन येतं तिथे, दोन खुर्च्या मांडून ठेव. नसल्या तर आम्ही आमच्या आणतो.

ह्यापुढे लोभ पत्रातून नको, समोर बसून कर.
तुझा,
ढापण्या