जीभ घसरल्याची वही

सातारा, दि. ६ जुलै १९६७

चि. शालूस, दादाचे अनेक आशीर्वाद.

लग्नाला तीन महिने झाले, मानसिंगराव पलटणीत परत गेले, तरी तुझं एकच पत्र. माझं बरं चाललंय. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात, बोलताना माणसाची जीभ कशी घसरते याचा अभ्यास करतो. वहीत चारशे बारा चुका जमल्या. निम्म्या आमच्या प्राचार्यांच्या, पण हे कुणाला सांगू नकोस. सासरच्या चार-दोन पाठव. आत्याबाईंना नमस्कार.

तुझा, जालिंदर

इस्लामपूर, दि. १४ जुलै

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

चुकांना इथं तोटा नाही. आत्याबाई मला हाक मारताना आधी सासरी गेलेल्या नणंदेचं नाव घेतात, मग स्वतःच्या बहिणीचं, मग म्हशीचं. अंजे, धोंडे, चंद्रे, आणि मग शाले. म्हशीच्याही मागं माझा नंबर! तीन महिन्यांत सासूच्या तोंडात सुनेचं नाव बसू नये? मी त्यांची कुणीच नाही, दादा. फार रडू येतं. पंचमीला न्यायला या आणि पुन्हा इकडं पाठवू नका.

आपली, शालू

सातारा, दि. २० जुलै

चि. शालूस, आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कळवळला. मग वही उघडली. नावं चुकल्याच्या एकसष्ट नोंदी आहेत. पाहुणीला हाक मारताना घरच्यांची नावं ओठांवर आली, असं त्यांत एकदाही नाही. जीभ अडखळते ती आपल्याच माणसांत. आपली आई तुला बोलावताना आधी मला आणि खंड्या कुत्र्याला हाका मारायची, विसरलीस? आत्याबाई ज्या दिवशी पहिल्याच दमात शालूबाई म्हणतील, त्या दिवशी तार कर. पंचमीची वाट न बघता न्यायला येतो.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला, दादा

इस्लामपूर, दि. २ ऑगस्ट

ती. दादास, नमस्कार.

चारशे तेरावी चूक आत्याबाईंची धरली असेल, तर चारशे चौदावी माझी लिहा. काल त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी मीठ मागायला गेले आणि तोंडातून 'आये' निघून गेलं. आई जाऊन चार वर्षं झाली, त्यानंतर हा शब्द मी कुणाला म्हटला नव्हता. चुकले म्हणणार होते, पण त्यांनी नेहमीसारखी सगळी नावं घेतली, म्हशीसकट, आणि म्हणाल्या, "बस हितं. गरम हाय तवर खा."

पंचमीला न्यायला जरूर या. मात्र झोका खेळून झाला की दुसऱ्याच दिवशी परत पोचवा. आत्याबाईंना एकटीला करमत नाही.

माया आहे तशीच राहू द्या.

धाकटी, शालू