आमच्या साइटवरचा बोलका खांब

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (माझा गुडघा तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा सध्या सातच अंगांनी घातलाय. आठवं बरं झालं की राहिलेला घालीन.) तुमचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना, आणि थेंब वेळेवर घालता ना? जिन्यातली गळती थांबली का? शेजाऱ्यांचा हरवलेला पोपट सापडला का? तुमच्या घरातल्या एका व्यक्तीची चौकशी मी केलेली नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. केली असती तर "आता सुचलं का विचारायला" असं ऐकावं लागलं असतं, आणि केली नाही म्हणून "साधं विचारलंसुद्धा नाही" असं ऐकावं लागेल. दोन्हीत दुसरं स्वस्त पडतं. मी इकडे अगदी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर चाललंय, काळजी नसावी.

तर दादा, तुमची बहीण माझ्यावर रुसून तुमच्याकडे येऊन राहिलीय आणि साइटवरच्या खांबावरून आपला आवाज उतरल्याशिवाय परत यायची नाही असं तिने वहिनींच्या तोंडून कळवलंय. आता ती यावी म्हणून तुमच्यावाचून मला वाली नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो. तिने तुम्हाला सांगितलं असेल, पण ती सांगताना मधलं गाळते आणि शेवटचं दोनदा सांगते.

मी ज्या इमारतीच्या कामावर सुरक्षा बघतो तिथे मागच्या वर्षापर्यंत सुरक्षा म्हणजे मी, एक शिट्टी, एक बॅटरी आणि डंपर नावाचा कुत्रा. (नाव चालीवरून पडलंय. त्याला वळायला फार जागा लागते.) बांधकामावरून काय चोरीला जात नाही ते विचारा. सळया जातात, तांब्याची केबल जाते, डिझेल जातं, ड्रिल मशीन जातं. एकदा तर 'चोरी करणाऱ्यावर कारवाई होईल' असं लिहिलेला बोर्डच गेला, पत्रा चांगला जाड होता म्हणून. शेवटी ठेकेदारांनी बोलावून विचारलं की तुम्ही नक्की राखता तरी काय. मी डंपरकडे बघितलं, डंपरने दुसरीकडे बघितलं. त्याच आठवड्यात त्यांनी तंत्रज्ञान आणायचं ठरवलं.

तंत्रज्ञानाला मी नावं ठेवणार नाही, हं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मी नव्हे. खांबांवर कॅमेरे चढले, त्यांच्या डोक्यावर उन्हावर चालणाऱ्या पाट्या बसल्या, म्हणजे वायर नाही आणि वायर चोरीला जायची भीतीही नाही. प्रत्येक मशीनला बटणाएवढी चकती चिकटवली. मशीन कुंपणाबाहेर पडलं की माझा फोन खिशात बोंब ठोकतो. फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र आलं. पहिल्या दिवशी गिलाव्याची माणसं सकाळी आत गेली, दुपारी चहाला बाहेर आली आणि बाहेरच अडकली, कारण तोवर सगळ्यांची तोंडं सिमेंटने माखलेली आणि यंत्राला कुणाचीच ओळख पटेना. आता फाटकाशी बादली आणि साबण ठेवलाय. इतक्या स्वच्छ तोंडाचे गवंडी तुम्हाला दुसरीकडे दिसायचे नाहीत. मग एके दिवशी खुद्द ठेकेदार मिशी काढून आले आणि यंत्राने त्यांना उन्हात ताटकळत ठेवलं. (मी ओळखलं होतं त्यांना. पण यंत्राच्या कामात आपण कशाला नाक खुपसा?) कॅमेऱ्याला माणूस आणि जनावर यातला फरक कळतो म्हणतात, पण सुरुवातीला तो डंपरला माणूस समजायचा आणि 'अनोळखी व्यक्ती वाळूच्या ढिगावर आडवी झाली आहे' असे निरोप मला पाठवायचा. हे सगळं बसवणाऱ्या इंजिनिअर बाईंनी ती खोड दुरुस्त केली. कुत्र्याला कुत्रा म्हणायला लागल्यापासून डंपर जरा नाराजच असतो.

आता मूळ भानगडीकडे येतो. मागच्या बाजूला आमचं मालाचं आवार आहे, तिथे सळया, केबल, मशीनं असतात, आणि तिथे दिवसासुद्धा पहारा लागतो. त्या आवारातल्या खांबाला कॅमेऱ्याबरोबर एक कर्णाही आहे. अनोळखी चेहरा हद्दीत शिरला की खांब आपण होऊन त्याला हटकतो, पळायच्या आत, चोरीच्या आधी. कल्पना नामी आहे, यात शंकाच नाही. पण त्यात भरून आलेला आवाज कुणा इतक्या गोड बाईंचा होता की काय सांगू. "कृपया लक्ष द्या, आपण निषिद्ध भागात प्रवेश केला आहे," असं त्या म्हणायच्या आणि ऐकणाऱ्याला आपला सत्कार चाललाय असं वाटायचं. एक जण तर केबलचं वेटोळं खांद्यावर घेऊन ते पूर्ण ऐकून मग निघाला. (हे कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतं. माणूस संस्कारी होता.) मग ठेकेदारांनी स्वतःचा आवाज भरला, तो ऐकून मजुरांना पगाराची आठवण झाली आणि ते गोळा झाले. मग माझा भरला. मी दरडावायला तोंड उघडलं आणि ठसका लागला, तेव्हा आवारात शिरणाऱ्या माणसावर खांब नुसताच खोकायचा. शेवटी इंजिनिअर बाई कंटाळून म्हणाल्या, असा कुणाचा तरी आवाज आणा ज्याला तुम्ही स्वतः घाबरता.

दादा, देवाशपथ सांगा, मी दुसरं कुणाकडे जाणार होतो? तुम्ही तिचे सख्खे थोरले भाऊ असून ती आली की पाय खाली घेऊन बसता.

विचारून भरलं असतं तर ती लाजून गोड बोलली असती, आणि गोड आवाज आमच्याकडे होताच. म्हणून मी फोन चालू करून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सिमेंटच्या बुटांनिशी थेट बैठकीच्या खोलीत गेलो. "तिथंच थांबा. एक पाऊल पुढे टाकलंत तर याद राखा," असं पहिलं रेकॉर्डिंग मिळालं. मग ओला टॉवेल गादीवर टाकला, त्यावर "उचला आधी, आणि जिथनं आणलात तिथं नेऊन ठेवा" हे मिळालं. मग जेवणाआधी फडताळातला डबा हळूच उघडून हात घातला, तर पाठमोरी असूनही तिने "काय हातात? ठेवा ते. मी बघतेय, हं," असं खणखणीत बजावलं. तिला डोळे नक्की किती आहेत याचा पत्ता मला अजून लागलेला नाही, कॅमेरेवाल्यांनाही लागायचा नाही.

त्या दिवसापासून आमच्या साइटवरून एक खिळा हलला नाही. एकाने सळई उचलली, खांबाने आवाज दिला, तर त्याने ती पुन्हा मूळच्या ढिगात, टोकाला टोक जुळवून ठेवली. दुसरा चप्पल सोडून पळाला. मजूर हेल्मेट न घालता आवारात यायचे बंद झाले, त्याबद्दल त्यात एक अक्षर नसताना. ठेकेदारांनी माझी पाठ थोपटली आणि 'वहिनीसाहेबांना', म्हणजे तुमच्या बहिणीला, नमस्कार सांगायला सांगितलं. तो मी सांगितला नाही, कारण कशाबद्दल असं तिने विचारलं असतं.

मग तो दिवस उजाडला. मी डबा घरी विसरलो होतो. तिने फोन केला नाही, आपल्या पायांनी डबा घेऊन आली. पुढच्या फाटकाशी चिखल होता म्हणून मागून आली, आणि मागे काय आहे ते तुम्हाला आता माहीतच आहे. खांब कडाडला, "काय हातात? ठेवा ते. मी बघतेय, हं." ही थबकली. इकडेतिकडे बघितलं आणि "कोण बोलतंय ते?" म्हणून तिने जे दरडावलं ते अगदी त्याच आवाजात. खांबाने पुन्हा पहिल्यापासून बजावलं. काही क्षण तुमच्या दोन बहिणी एकमेकींना दम देत होत्या आणि गवंड्यांची अख्खी टोळी काम सोडून ऐकत उभी होती. त्यातला म्हातारा गवंडी पुढे होऊन अदबीने म्हणाला, बाई, आम्ही दिवसभर तुमच्याच धाकात असतो. त्याला बिचाऱ्याला कौतुक करायचं होतं.

मी धावत पोचून आधी खांब बंद केला, तेव्हा तिचा चेहरा पडला होता. ती चिडली असती तर मला सवय आहे. पण तिने अगदी हळू विचारलं, "मी अशी बोलते का हो?" दादा, इथे शहाण्या माणसाने नाही म्हणायचं असतं. मी म्हणालो, "नाही गं, यात आवाज जरा कमी केलाय." तिने डबा वाळूवर ठेवला आणि तरातरा निघून गेली, ती घरी जाऊन पिशवी भरून सरळ तुमच्याकडे.

माझं चुकलं. चारचौघांत तिचं हसं झालं, तेही माझ्यामुळे, याचं मला फार वाईट वाटतं. खांबावरचा तिचा आवाज मी काढून टाकलाय, तेव्हा तिला म्हणावं आता राग सोड. मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मधल्या एका व्यक्तीला काय ते तुमच्या अंदाजाने सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. वर 'काढून टाकलाय' लिहिलंय तिथे 'काढून टाकणार आहे' असं वाचावं. इंजिनिअर बाई कधीपासून मागे लागल्यात, मीच उद्यावर ढकलतो. चोऱ्या पुन्हा सुरू होतील असं कारण मी त्यांना सांगितलंय.

आणखी एक. ते कारण खरं नाही. त्या फडताळातल्या डब्याच्या वेळी मी फोनवरचं रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो होतो. "मी बघतेय, हं," याच्यानंतर थोडा वेळ नुसता भांड्यांचा आवाज येतो, आणि मग ती वेगळ्याच आवाजात म्हणते, "भूक लागलीय का? बसा, वाढते." बाई ते कापणार होत्या, मी कापू दिलं नाही. चोर तोवर पळालेले असतात, त्यामुळे ते कुणी ऐकलेलं नाही. ती आली त्या दिवशी खांब मीच मध्ये बंद केला, म्हणून तिनेही ऐकलं नाही. माझा चेहरा यंत्राला पाठ आहे, म्हणून संध्याकाळी माणसं गेली की मी तोंडाला रुमाल बांधून आवारात शिरतो, तिची बोलणी खातो आणि शेवटपर्यंत उभा राहतो. मग घरी येऊन चहात पाव बुडवतो, ते माझं वेळेवरचं जेवण.

शेवटचं. तिला एकदा साइटवर घेऊन या, खांबाखाली उभं करा आणि सगळं होईपर्यंत हलू देऊ नका. मग आवाज काढायचा की ठेवायचा ते तिनेच सांगावं, मी तसं करीन. हे पत्र मात्र तिला अजिबात दाखवू नका. तिच्या चष्म्याच्या डबीखाली लपवून ठेवा.