डाव्या गालाचं औषध

३ मार्च, सोमवार

पुरुषांची कातडी वेगळी असते म्हणे! मेडिकलवाल्याने तोंड वर करून सांगितलं. ‘साहेब, ती लेडीजची आहे. जेन्ट्सची ही.’ आणि एक काळी कुळकुळीत ट्यूब काउंटरवर ठेवली. वर विजेचं चित्र! मला तोंडाला लावायचं आहे की बॅटरीत भरायचं आहे?

मी म्हटलं, फरक काय? तर म्हणाला, ‘जेन्ट्सची स्किन रफ असते ना.’ मागे चार माणसं उभी होती. घेतली मुकाट्याने. पैसे देताना पाहतो तर मी आधी उचललेल्या त्या गुलाबी लेडीज ट्यूबपेक्षा महाग आणि आत माल कमी.

हे सगळं त्या डॉक्टरबाईमुळे. परवा तिने डाव्या गालाच्या हाडावरचा डाग पाहिला, भिंग लावून पाहिला, आणि अख्खा कापून तपासायला पाठवला. दोन टाके. ‘काम काय करता?’ म्हणाली. म्हटलं, ड्रायव्हिंग शिकवतो. बावीस वर्षं डाव्या सीटवर. ‘तरीच,’ म्हणाली. ‘खिडकीची बाजू. काच बंद असली तरी ऊन आत येतंच. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एकत्र मिळतं, ते रोज लावा. टाक्यांवर नको, बाकी सगळीकडे.’ किती दिवस? तर म्हणे, आता कायम.

रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी. भीती वाटते आहे. इथे लिहितो, बाहेर कुणाला सांगणार नाही.

४ मार्च, मंगळवार

सकाळी आरशासमोर ती काळी ट्यूब लावत होतो, तर बाबा मागे येऊन उभे. हातात चहाचा कप. ‘लिपस्टिक विसरलास का रे?’

झालं! दिवसाची सुरुवात! वर पुन्हा, ‘पस्तीस वर्षं त्याच सीटवर बसलो मी. एसी नाही, काच खाली, कोपर बाहेर. आमच्या वेळी ऊन नव्हतं वाटतं?’

सतरा वेळा ऐकलंय. शाळा बाबांनी काढली, पहिली गाडी बाबांची, पायाखालचा जास्तीचा ब्रेकसुद्धा बाबांनी स्वतः बसवून घेतला. मान्य! म्हणून माझ्या तोंडाला मी काय फासायचं तेही हेच ठरवणार? ही पदर... नाही, ओढणी तोंडावर धरून हसत होती. आपल्याच घरात आपली ही किंमत.

५ मार्च, बुधवार

त्या ट्यूबला वास आहे. वास कसला, दरवळ! डब्यावर लिहिलंय ‘समुद्र’. पहिल्या विद्यार्थ्याने गाडीत बसल्या बसल्या काच खाली केली. दुसऱ्यानेही केली. म्हणजे ऊन अडवायला क्रीम लावायचं आणि त्या क्रीमपायी काच उघडून ऊन आत घ्यायचं!

बँकवाली बाई — साडेदहाच्या तासाची — माझ्याकडे बघून म्हणाली, ‘सर, बरं नाही का? पांढरे पडलात.’ आरशात पाहिलं. पिठाच्या डब्यात पडलेला माणूस. घामाने डोळ्यांत उतरलं ते वेगळंच. डोळे चोळतोय तोवर बाईंनी सिग्नल तोडलेला. ब्रेक मीच मारला. ‘ब्रेक सर’ हे नाव उगाच नाही पडलेलं.

६ मार्च, गुरुवार

लॅबला फोन केला. ‘झाला की कळवू.’ यांचा गाल कापून कुणी बाटलीत ठेवला असता म्हणजे समजलं असतं.

८ मार्च, शनिवार

आज बाबांचं भिंग खिशात घालून मेडिकलमध्ये गेलो. काळी आणि गुलाबी शेजारीशेजारी धरली आणि मागचं बारीक अक्षर वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेच! तीच नावं, तोच क्रम! फरक फक्त वासाचा आणि रंगाचा. मेडिकलवाल्याला दाखवलं. म्हणाला, ‘कंपनीने विचार करूनच केलं असेल ना साहेब.’ केला की! माझ्या खिशाचा विचार केला!

बँकवाली बाई मात्र कामाची निघाली. चौकात वळण घेता घेता म्हणे, ‘सर, एसपीएफ तीस किंवा वर, पीएच्या पुढे निदान तीन अधिकची चिन्हं. बिनवासाचं. बाकी डब्यावरचं काही वाचूच नका.’ म्हटलं, बाई, तुम्ही आधी डावीकडचा आरसा वाचा! पण लिहून घेतलं.

भिंग परत ठेवायला गेलो तर बाबा चष्म्याच्या दांडीला कापूस गुंडाळत बसलेले. डावी दांडी कानाला घासते म्हणे. नवी फ्रेम घेऊ म्हटलं तर ‘ही चांगली आहे’. बसा गुंडाळत! या घरात सरळ कुणी काही करायचंच नाही असा नियम आहे.

१० मार्च, सोमवार

डोकं चालवलं. ऊन येतं डाव्या बाजूने. मग उजव्या गालाला कशाला? आजपासून फक्त डावीकडे लावतो. ट्यूब दुप्पट पुरेल. हे डॉक्टरबाईला कसं सुचलं नाही?

बाबा म्हणाले, ‘अर्धंच नटलास आज?’

११ मार्च, मंगळवार

आज तोल सुटला.

जेवताना बाबांनी पुन्हा सुरू केलं. हिच्याकडे बघून, ‘सूनबाई, तुझा नवरा तुझ्याआधी म्हातारा होणार नाही हं आता. गोरापान राहणार.’ रिपोर्टची आठ दिवसांची धास्ती, दिवसभर मूर्खांनी गिअर खरवडलेले, त्यात हे! मी ताट सरकवलं आणि ओरडलो — ‘औषध आहे ते! औषध! डागाचं औषध! डॉक्टरने दिलंय! लावलं की डाग जातो, कळलं?’

बाबा जन्मात पहिल्यांदा बोलता बोलता थांबले. घास हातातच. मग हळूच म्हणाले, ‘डागाचं?’

‘हो, डागाचं!’

‘जातो?’

‘जातो!’

पुढे एक अक्षर नाही. जिंकलो! बावीस वर्षांत बाबांपुढे पहिल्यांदा जिंकलो.

ही भांडी आवरताना म्हणाली, ‘असं कुठे म्हणाल्या डॉक्टर? मी होते की तिथे.’ म्हटलं, तू गप्प बस. त्यांचं तोंड बंद झालं ना? मग झालं तर.

१४ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही.

लिहून पुन्हा वाचलं. नाही.

डॉक्टरबाई म्हणाली, उन्हाने कातडी खराब झाली आहे, काळजी घेतली नाही तर तिकडे जायला वेळ लागणार नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. टाके काढले. मग माझं तोंड दिव्याकडे वळवलं आणि हसायला लागली. ‘हे काय? एक गाल पांढरा, एक काळा? दुसरा गाल भाड्याचा आहे का?’ म्हटलं, उन्हाची बाजू. ‘घरी जाताना ऊन बाजू विचारून पडतं का? पूर्ण तोंड, कान, मान. दोन बोटांवर मावेल एवढं.’ शरमेने मेलो. डोकं चालवलं होतं म्हणे!

बाहेर येऊन गाडीत बसलो. उजव्या सीटवर. किल्ली लावली नाही. रडलो थोडा. मग मागच्याने हॉर्न वाजवला, त्याला काच खाली करून दोन शब्द ऐकवले, बरं वाटलं.

बाबा दारातच उभे होते. ‘काय म्हणाली?’ म्हटलं, काही नाही, ठीक आहे. ‘म्हणजे गेला डाग?’ म्हटलं, गेला. कापूनच काढलाय तर राहणार कुठे — हे मनात. यांना कुठे फोड करून सांगत बसू?

१७ मार्च, सोमवार

सापडली! सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ खात. पांढरी साधी ट्यूब. वीज नाही, समुद्र नाही. तीसच्या वर, तीन अधिक, बिनवासाची. काळीपेक्षा मोठी आणि बरीच स्वस्त. मेडिकलवाला कुरकुरला — ‘साहेब, ही जेन्ट्सची नाहीये, फॅमिलीसाठी आहे.’ म्हटलं, मी फॅमिलीतलाच आहे! मागचे हसले. हसू देत.

पांढरा पडत नाही, डोळ्यांत उतरत नाही, स्टिअरिंगला हात चिकटत नाहीत. बँकवाली बाई म्हणाली, ‘सर, आज माणसात आलात.’ दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी बरं बोललं.

२० मार्च, गुरुवार

कुणीतरी माझी ट्यूब वापरतंय!

मी ट्यूब खालून गुंडाळत नेतो. टूथपेस्ट असो, काही असो, खालून. आज पाहतो तर मधोमध दाबलेली! या घरात मधोमध कोण दाबतं? लग्न झाल्यापासून टूथपेस्टवरून भांडतोय आम्ही!

हिला विचारलं. म्हणाली, ‘मला माझी आहे.’ म्हटलं, मग ही आपोआप दबली? ‘मला काय माहीत? तुमच्या त्या फासण्याला हात कोण लावतंय!’ मग तिने माझ्या आईपासूनचं सगळं काढलं, मी तिच्या भावापासूनचं काढलं. चहा दोघांचाही गार झाला.

क्रीमचं दुःख नाही. खोटं बोलण्याचं आहे.

२३ मार्च, रविवार

बाबांना कटिंगला चला म्हटलं. केस कानांवर आलेत, जोगी दिसतात. नाही म्हणाले. मागच्या महिन्यातही नाही. म्हटलं, मी नेतो, मी आणतो, तुम्हाला फक्त खुर्चीत बसायचंय. तर माझ्यावरच डाफरले, ‘माझे केस आहेत, मी बघीन!’ माझं तोंड यांचं, यांचे केस मात्र यांचे!

थोड्या वेळाने आपणच आले. ‘तुला किती दिवस लागले रे?’

‘कशाला?’

‘डाग जायला.’

आला टोमणा! म्हटलं, तुम्हाला मस्करीशिवाय दुसरं काही सुचत नाही का हो? बाबा खोलीत गेले. पेपर उलटा धरून बसलेले दिसले. मला काय!

२५ मार्च, मंगळवार

ट्यूब पुन्हा मधोमध. हिच्याशी बोलणं बंद.

२७ मार्च, गुरुवार

नीट लिहितो.

साडेदहाला बँकवाली बाई आली नाही. म्हणून घरी आलो. ही बाहेर गेलेली. बाथरूमचं दार अर्धं उघडं. बाबा आरशासमोर. चष्मा काढून ठेवलेला. मान पूर्ण उजवीकडे वळवलेली, एका हाताने डावीकडचे केस वर धरलेले. दुसऱ्या हातात माझी ट्यूब. मधोमध दाबत होते.

कानाच्या कडेला डाग. डाग कसला, जखम. लहान नाण्याएवढी. वर खपली, एका बाजूने ओली. त्यावर ते क्रीम थापत होते, पोराच्या गुडघ्याला लावावं तसं, फुंकर घालता येत नाही म्हणून ओठ नुसतेच पुढे करून.

मी म्हटलं, ‘बाबा, हे काय आहे?’

दचकले. केस खाली सोडले. ‘काही नाही. दांडी घासते.’

‘कधीपासून?’

‘दीड वर्ष झालं असेल. दुखत नाही रे. खपली धरते, निघते, परत धरते.’

दीड वर्ष! कापूस! केस! आणि मी समोर बसून जेवत होतो रोज!

ओरडलो. काय काय ओरडलो आठवत नाही. सांगितलं का नाही, मी कोण आहे तुमचा, डॉक्टर काय मेले होते का. बाबा ट्यूबचं झाकण लावत उभे. दोनदा आटा चुकला. मग म्हणाले, ‘पस्तीस वर्षं बसलो म्हणून मोठ्या तोंडाने सांगत होतो. मग कोणत्या तोंडाने दाखवू? तू म्हणालास, लावलं की जातो. तुझा गेला. म्हटलं, माझाही जाईल. कुणाला कळायचंही नाही.’



२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाईकडे उद्याचा नंबर मिळाला. भांडून मिळवला.

हिला म्हटलं, चुकलो. ट्यूबचं. ती म्हणाली, ‘ते राहू द्या. उद्या मी पण येते.’

२९ मार्च, शनिवार

गाडीत बाबांना मागे उजवीकडे बसवलं. सावलीच्या बाजूला.

डॉक्टरबाईने कान पाहिला. बोटं कानाखाली नेली, मग मानेवर, आणि एका जागी थांबली. गाठ चाचपावी तशी तिथेच फिरत राहिली.

बाबा खुर्चीत ताठ बसून तिला सांगत होते, ‘औषध चालू आहे. यानेच आणून दिलंय. रोज लावतो, एक दिवस चुकवला नाही.’

तिने माझ्याकडे पाहिलं.