आई ग्राहक नाही

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तू, दाजी आणि मुलं ठणठणीत असाल, असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे, तुझी भावजय बरी आहे, आणि छतावरची डिशची छत्री परवाच्या वाऱ्यात जराशी कलली होती, तीही आता बरी आहे. आईची तब्येत उत्तम. ती माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर काळजीचं कारण नाही. ती म्हणते (म्हणजे तुझ्या भावजयीला म्हणते, मी फक्त तिथे असतो) की तू वाळली आहेस. हल्ली ती तुला कुठे बघते आणि घरी का बघत नाही, हे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसलो. हवामान सांगताना तू दोन मिनिटांत सगळं आटपतेस, तसं मला जमणार नाही.

गावात टीव्ही म्हणजे मी, हे तुला ठाऊक आहे. पुढच्या खोलीत माझे बारा डबे आहेत, एका डब्यातून एक चॅनेल निघतं आणि वायर खांबाखांबावरून त्रेचाळीस घरांत जाते. मोठ्या कंपनीचा माणूस एकदाच आला होता. त्याने टेकडी बघितली, घरं मोजली, आपल्याकडे पाणी प्यायला आणि जो गेला तो आजतागायत गेलेलाच आहे. म्हणजे गावाची सगळी जबाबदारी माझ्या शिरावर. त्यात सरकारचा नियम असा, की केबलवाल्याने बाकी काय वाटेल ते दाखवावं, पण एक डबा सरकारी चॅनेलला द्यायचाच. (म्हणजे ज्यावर तू रोज संध्याकाळी साडेसहाला नकाशापुढे उभी राहतेस ते.) इतकी वर्षं मी तो निमूटपणे देत होतो, कारण तो न देणंही शक्य आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

ते डोक्यात आलं शहरातल्या केबलचालकांच्या मेळाव्यात. कोट घातलेल्या एका वक्त्याने तासभर समजावलं, की लोकांनी काय बघावं हे सांगणारं सरकार कोण, ते ग्राहक ठरवेल, बाजार मोकळा सोडा, सगळं आपोआप जागेवर येतं. पाठोपाठ जेवण होतं आणि तेही चांगलं होतं, त्यामुळे मला हे विचार फारच पटले. गावात उतरलो तो मोकळ्या बाजाराचा माणूस होऊनच. तुझ्या भावजयीला दारातच दोन वाक्यं ऐकवली, तर ती म्हणाली, आधी हातपाय धुवा.

पण मी मागे हटलो नाही. कुस्तीचं नवीन चॅनेल आलं होतं, पोरं मागे लागली होती आणि डबे बाराच. कुठलं काढायचं ते ग्राहकांनीच ठरवावं म्हणून मी सलूनमध्ये बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. एका कनेक्शनला एक चिठ्ठी, काढायच्या चॅनेलचं नाव लिहायचं. आठ दिवसांनी सगळ्यांसमोर डबा उघडला तर त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी सरकारी चॅनेल काढा असं लिहिलं होतं. (उरलेल्या दोघांपैकी एकाने केबलवाल्यालाच काढा असं लिहिलं होतं. अक्षर सलूनवाल्याचं वाटतं.) आता यात माझा काय दोष, तूच सांग. एक बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली. आईने विचारलं, माझी चिठ्ठी कुठाय. मी तिला शांतपणे समजावलं, की चिठ्ठी कनेक्शनला आहे आणि आपलं कनेक्शन घरचं, म्हणून फुकटातलं, तेव्हा हिशोबाने तू ग्राहक नाहीस. ती "बरं" म्हणाली. ताई, आईचं "बरं" तुला माहीत आहे. मला तेव्हा कळलं नाही, कारण मी कुस्तीचं चॅनेल जोडत होतो.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तिने चष्म्याचं घर आणि बसायची उशी घेतली आणि चालू पडली ती थेट गावाच्या टोकाला वेल्डरच्या दुकानात. त्याने लोखंडी सळ्यांचा अँटेना घरीच जोडून बांबूवर चढवला आहे, त्यावर तुमचं एकच चॅनेल फुकट दिसतं, तेही बांबू नीट फिरवला तर. त्याने आईसाठी स्टूल पुसून दिलं. वेल्डिंग चालू असलं की पडद्यावर रेघा येतात, म्हणून साडेसहाला तो काम थांबवतो. (हे मी ऐकीव सांगत नाही. मी त्या वेळी बाहेरच्या खांबावर वायर तपासत होतो.) तू दिसलीस की आई सुरू होते. तू म्हणालीस उद्या आकाश स्वच्छ, की आई म्हणते, हिच्या भरवशावर गाद्या उन्हात टाकू नका, शाळेत जाताना ही छत्री विसरायची आणि भिजून माझ्यावरच चिडायची. हे ऐकायला आधी शेजारीण आली, मग शिंपीणबाई, मग मास्तरांच्या सौ., आणि आता बायका सहालाच जागा धरतात. या सगळ्या माझ्याच ग्राहक. घरी बारा चॅनेलं सोडून एका चॅनेलसाठी वेल्डरच्या पत्र्याखाली बसतात. बाजार मोकळा सोडला की काय होतं ते मला असं कळलं.

त्यातच एके दिवशी संध्याकाळी खात्याचे तपासनीस साहेब आले. सरकारी चॅनेल बंद दिसलं तर माझे बाराच्या बारा डबे उचलून नेणार, हे ठरलेलं. मी त्यांना पुढच्या अंगणात चहा दिला आणि आत जाऊन कुस्तीची वायर काढून तुमची जोडली. घड्याळ बघायला विसरलो, नेमके साडेसहा झाले होते. साहेब आत येऊन खुर्चीवर बसले आणि समोर तू. मला राहवलं नाही, म्हटलं, साहेब, ही माझी सख्खी ताई. साहेब इतके खूश झाले, की "नियमांचे अनुकरणीय पालन" असं शिक्क्यानिशी लिहून दिलं. ते गेले आणि मी पुन्हा कुस्ती लावली. त्या पाव तासात गावातल्या त्रेचाळीस घरांत तू लख्ख दिसलीस. फक्त वेल्डरकडे वाऱ्याने बांबू फिरला होता आणि आई रेघा बघत बसली होती. घरी येताना तिला वाटेत सगळं कळलं. दारात चपला काढता काढता माझ्याकडे न बघता म्हणाली, "साहेबासाठी लागतं होय." त्याला आज तेवीस दिवस झाले. त्यानंतर ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. जेवायला वाढते, पण हवं-नको विचारत नाही, आणि न विचारता वाढलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही, खरंच सांगतो.

तू म्हणशील, मग लाव की परत, कोणी अडवलंय. ताई, अडचण अशी की निकालाच्या दिवशी मी शाळेच्या पटांगणात छोटंसं भाषण केलं. त्याच्या ओघात मी म्हणालो, की ग्राहकांनी नाकारलेलं हे चॅनेल माझ्या सख्ख्या आईने सांगितलं तरी मी परत लावणार नाही. टाळ्या पडल्या. तेच वाक्य पाटीवर रंगवून सलूनवर लावलं. आता मी कुठल्या तोंडाने लावू? (आई त्या दिवशी पटांगणात नव्हती, अशी माझी समजूत आहे.)

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तू खात्याकडे माझी तक्रार कर. मी आपणहून लावलं तर नाक कापलं जाईल, पण सरकारने सक्ती केली तर माझा नाइलाज. जिल्ह्याच्या कचेरीत मीच गेलो होतो, की माझ्यावर कारवाई करा. त्यांनी त्या शिक्क्याच्या प्रमाणपत्राची नक्कल दाखवली आणि अभिनंदन करून परत पाठवलं. तेव्हा बाहेरून तक्रार गेली पाहिजे. मसुदा सोबत जोडला आहे. त्यात "मुजोर" हा शब्द मी दोनदा घातलाय, तू तिसऱ्यांदा घातलास तरी चालेल.

ता. क. २. पाकिटावर पत्ता आईकडून लिहून घेतो, तिला तुमचा पत्ता तोंडपाठ आहे. तुझ्यासाठी म्हटल्यावर नाही म्हणणार नाही. आतलं ती वाचायची नाही, माझ्या अक्षराकडेही ती सध्या बघत नाही.

बाळे, आईचा आशीर्वाद. पाकीट उघडंच होतं. तू तक्रार करू नकोस, मी वेल्डरकडून लिहून घेऊन केली आहे, परवा पोच आली. याला कळवू नकोस, सरकारने भाग पाडलं म्हणून चार दिवस मिरवू दे. पटांगणात मी मागच्या रांगेत होते. बुधवारी हवामान सांगताना तू दोनदा घसा खाकरलास, मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. घरी चॅनेल आलं तरी मी वेल्डरकडेच जाणार आहे, पण एक विचारायचं होतं. हा रोज साडेसहाला त्या दुकानाच्या खिडकीबाहेर शिडी लावून वर चढतो आणि तू जाईपर्यंत उतरत नाही. त्या बाजूने याची एकही वायर जात नाही. आत येऊन बस म्हणू का, की अजून आठ दिवस राहू दे?