काकतीच्या अलीकडं

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज तिघांना झोपवलं. दोघं काकती यायच्या आधीच झोपली. तिसरी हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत जागी होती. तिथं म्हणाली, "खिडकी लावा, गार लागतंय," आणि झोपली.

भुलीचा मास्क नाकावर धरायच्या आधी मी विचारते, कुठं जायचं? मुलं बहुधा आजोळचं नाव सांगतात. मग मी त्यांना बसमध्ये बसवते. बेळगाव स्टँड, कंडक्टरची घंटी, किल्ल्याची भिंत, मग काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी. एकेका गावाचं नाव हळू घ्यायचं. वीस वर्षं मी हीच बस चालवतेय आणि निपाणीला अजून एकही मूल पोचलेलं नाही.

सकाळी खरंच धुकं होतं. कॅम्पातून स्कूटरवर येताना चर्चचा नुसता खालचा दरवाजा दिसत होता, वरचं सगळं विरघळलेलं. सिग्नलला उभी राहिले तेव्हा वाटलं, मलाच कुणीतरी मास्क लावलाय आणि गावांची नावं घेतंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

अबोली. अकरा वर्षांची, निपाणीपलीकडच्या गावची. डाव्या गुडघ्याच्या वर हाडात गाठ. औषधांचे कोर्स झाले, केस गेले, गाठ हटली नाही. शुक्रवारी मांडीपासून पाय काढायचा. काढला तर पोरगी वाचण्याची चांगली आशा आहे. नाही काढला तर नाही.

राउंडला शरदसर तिच्या खाटेशी थांबले. आमचे हाडांचे सर्जन, हाताला यश आहे त्यांच्या. तिला मराठीत म्हणाले, "काय अबोलीबाई, जेवलीस का?" आणि उत्तर यायच्या आत तिच्या वडिलांशी कन्नडमध्ये सुरू. शुक्रवार, मांडी, किती वरून, सगळं. आमच्याकडची ही जुनी सवय. मूल मराठी असलं की कन्नड बोलायचं, कन्नड असलं की मराठी. खाटेभोवती पडदा ओढल्यासारखं. मीही केलंय, कितीदा तरी. अबोली तेवढा वेळ चादरीवरची फुलं मोजत होती.

नंतर वडिलांनी मला व्हरांड्यात गाठलं. परशराम त्यांचं नाव.

"मॅडम, पायाचं तिला काय बोलू नका. उठल्यावर बघू कसं काय ते."

"तिच्यासमोरच तर बोललात सगळं."

"ते कन्नडमधनं. तिला कुठलं कन्नड येतंय? पस्तीस मार्क पडल्यात!" आणि हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना.

तिची आई, बेबी, भिंतीला टेकून उभी होती. ती हसली नाही.

मी "बरं" म्हटलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

"बरं" म्हणायला नको होतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बालदिन. वॉर्डात फुगे वाटले. अबोलीनं निळा फुगा डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधून घेतला होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो डोलायचा आणि ती पाय न हलवता त्याच्याकडं बघत पडलेली. किती वेळ मी दारातच उभी होते कोण जाणे.

भूल देण्याआधीची तपासणी करायची होती. आई खाली चहाला गेली होती. थांबायला हवं होतं. थांबले नाही.

"तोंड उघड. दात हलतोय का एखादा?"

"एक. खालचा."

"बरं. उद्या कुठं जायचंय ते ठरवून ठेव हं."

तिनं दोरा धरून फुगा खाली ओढला. "कालु म्हंजे पाय. तेगी म्हंजे काढ. व्हय न्हवं?"

मी स्टेथोस्कोप कानातून काढला. पुन्हा घातला.

"मला कन्नड लिहायला येत न्हाय, म्हणून पस्तीस," ती म्हणाली. "ऐकायला येतंय सगळं. शेजारच्या खाटेवरच्या पोरीसंगं दोन महिने कन्नडमधनंच खेळतीय मी."

"आईला, आप्पांना माहितेय? तुला कळलंय ते?"

"न्हाय. आप्पा रडतील. त्यास्नी वाटतंय मला ठाऊक न्हाय, तर वाटू दे." मग आवाज खाली आणून, "खरं सांगा डॉक्टरबाई. उद्या?"

फार वर्षांपूर्वी एका मुलीला मी सांगितलं होतं, काही करणार नाही, नुसतं बघणार आहोत. शुद्धीवर आल्यावर तिनं तोंड फिरवलं. सर्जनकडं बघितलं, नर्सकडं बघितलं, माझ्याकडं नाही. तेव्हापासून ठरवलं की मुलानं सरळ विचारलं तर सरळ सांगायचं. पण परवा मी एका बापाला "बरं" म्हणून आले होते.

म्हटलं, "होय. उद्या. मांडीपासून खालचा."

ती रडली नाही. एकेक विचारत गेली, पेपरातले प्रश्न सोडवावेत तसं. दुखेल? झोपेत नाही. नंतर दुखेल, त्यावर औषध देईन. परत उगवतो? नाही. लाकडाचा लावतात? आता लाकडाचा नसतो, चांगला असतो, पण सवय व्हायला वेळ लागतो. काढलेला कुठं ठेवणार? त्याचंही खरं सांगितलं. सोपं नव्हतं.

"नसलेला पाय खाजतो, खरं हाय?"

"कधीकधी खाजतो."

"मग खाजवायचं कुठं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

ती जरा हसली. मग खिडकीकडं तोंड करून झोपली, म्हणजे झोपल्यासारखं केलं. फुगा वर गेला.

जिन्यात बेबी भेटली, हातात चहाचा ग्लास. तिला सांगितलं, अबोलीला कळलंय, आणि मी हो म्हटलंय. तिनं ग्लास कठड्यावर ठेवला आणि वर निघून गेली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं नाही.

सकाळी सहाला अबोली आप्पांना म्हणाली, घरी न्या. एवढंच. दुसरं काही बोलेना. औषध घेईना. आठला परशरामनी स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याची सही केली आणि तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. मी फाटकापर्यंत गेले.

"तुमास्नी नको म्हटलतं, मॅडम," ते म्हणाले. रागानं नाही. राग चालला असता.

अबोली पुढच्या काचेतून समोर बघत होती.

शरदसर थिएटरबाहेर हात पुसत उभे होते. "पारमिता, तुझं काम झोपवायचं. उठवायचं नव्हे." मग आवाज उतरवून म्हणाले, "आठवड्याच्या वर थांबता येणार नाही. फुप्फुसात गेली तर माझ्या हातात काही राहत नाही."

तिच्या जागी दुसरं मूल घेतलं, हात मोडलेलं. कुठं जायचं विचारलं तर म्हणालं, मामाकडं. मी बस सुरू केली. किल्ल्याच्या भिंतीपाशी नावं घेणं थांबवलं. बाकीचा रस्ता त्याला मी नुसतं कपाळावर हात ठेवून नेलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

परशरामना चार वेळा फोन केला. बंद.

शरदसरांनीही केला होता, असं गुणाबाईंकडून कळलं. वॉर्डाच्या मावशी, त्यांना सगळं कळतं.

रविवार, १७ नोव्हेंबर

सुट्टी. दुपारी ऊन गॅलरीतून आत आलं, वाचता वाचता डोळा लागला.

मी बसमध्ये होते. बाहेर धुकं, आत ऊन. प्रत्येक सीटवर एकेक मूल, मी झोपवलेली सगळी, लहानच राहिलेली. कुणाच्या हातात बोरं, कुणाच्या मांडीवर दप्तर. मला बघून कुणी हसलं नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही. मी अबोलीला शोधत मागपर्यंत गेले. मागची सीट रिकामी होती आणि तिच्यावर पाणी साचलेलं. पुढं कुणीतरी गावांची नावं घेत होतं, माझ्याच आवाजात. एकाही गावाला बस थांबत नव्हती.

जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं. चहा केला, गार होऊ दिला.

खोटं बोलले असते तर आज ती अतिदक्षता विभागात असती. एक पाय गेलेला, माझ्यावर आयुष्यभर रागावलेली. पण जगणारी. तिनं रागावलेलंच बरं होतं. मी तिला खरं दिलं, आणि त्या खऱ्यानं तिला भ्यायला लावून घरी पाठवलं. दोन्ही पायांची अबोली, आणि किती महिने?

खरं सांगण्यात चूक झाली असं अजूनही म्हणवत नाही. पण कसं सांगितलं? आई खाली असताना, हातात तपासणीचा कागद, बाहेर पुढचा पेशंट. तिला एकटीला ऐकावं लागलं. एवढं मोठं कळल्यावर तिच्याजवळ धरायला काय होतं, तर फुग्याचा दोरा. आईला बोलावून आणायला मला दोन मिनिटं लागली असती. चहाच्या टपरीपर्यंत जायचं आणि यायचं.

बेबीला सांगायला हवं होतं, चला, आपण दोघी सांगू. ती तयार होती, असं आता वाटतं. म्हणूनच ती त्या दिवशी हसली नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

फोन बंदच. उद्या दुपारनंतर रजा टाकून निपाणीला जायचं ठरवलं. काय बोलणार, माहीत नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सकाळी नऊला वॉर्डात गेले तर अबोली तिच्या खाटेवर. घोट्यापर्यंत दोन्ही पायांना वाळलेला चिखल. गुणाबाई ओला फडका घेऊन करवादत होत्या, "ऑपरेशनचं पेशंट म्हणायचं का म्हशी राखून आलेलं पोर?"

बेबी म्हणाली, "भ्याली न्हवती मॅडम. मला म्हणाली, नदीवर ने. ह्यांनी उचलून न्ह्यायचं, उचलून आणायचं. चार दिवस वेदगंगेत पाय सोडून बसली, मी संगं. फोन सगळ्यांचे तिनंच बंद करायला लावले. आज पहाटं गाडी तिथनंच बोलवली. म्हणाली, झालं, चला."

गुणाबाई पाय पुसायला वाकल्या. अबोलीनं त्यांच्याकडं आणखी एक फडका मागितला.

"उजवा तुम्ही पुसा," ती म्हणाली. "डावा मी."