बाळंतिणीचा कोपरा

बाबा, तुम्ही मरून मोकळे झाले, अन् तिकडं समुद्राकाठच्या बाया तुम्हाले हसून राहिल्या. ज्या माणसानं जन्मात समुद्र पाहिला नाही, ज्याचं सारं पाणी म्हणजे रायपूरबाहेरचा एक तलाव, त्याच्या नावानं मालवणकडच्या मासेवाल्या बाया तोंडाले पदर लावून हसतात, अन् मी इथं फोनवर ऐकून घेते. काहून ऐकून घेते? तोंड उघडायची मनाई तुम्हीच केली म्हणून. चाळीस वर्षं झाली त्याले. तुम्हाले जाऊनही बावीस झाली. माणूस गेल्यावर त्याचे कपडे वाटतात, खाट बाहेर काढतात, पण त्यानं घातलेली मनाई कोणाले देऊन टाकायची, हे कोणी सांगत नाही.

आधी सगळं नीट सांगते, नाहीतर म्हणाल पोट्टी नुसती भांडते. तुमच्या खांद्यावर बसून तलाव पाहायची ती माझी पोरगी आता समुद्राचं शिकली आहे. मालवणच्या बाजूच्या एका गावात कामाले लागली. तिथं पाण्याखाली पोवळ्याचे खडक आहेत. अंगठीत घालतात त्या पोवळ्याच्या नात्यातलंच, पण जिवंत. त्या खडकांच्या फटींत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. एक रंगीत मासा दातानं खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. तो सारा पकडून विकून टाकला तं शेवाळ खडकाले गिळते, खडक मरते, अन् मंग ज्या माशांचं पोवळ्याशी काही देणंघेणं नाही असं वाटते तेही गाव सोडून जातात. म्हणून एकटा मासा पाहायचा नाही म्हणे. खडक, शेवाळ, मासे, जाळं टाकणारे अन् बाजारात बसणाऱ्या बाया, साऱ्यांचं मिळून पाहायचं. एवढं समजायले तिले सोळा-सतरा वर्षं शाळा-कॉलेज करावं लागलं. मी म्हटलं, पोट्टे, हे तुझा नाना बिडी पेटवता पेटवता सांगत होता. ती हसली. "हां मम्मी, इसीलिए तो पूछ रही हूँ," म्हणाली. मराठी समजते तिले सगळं, पण उत्तर हिंदीतच देते. तिकडच्या बाया त्यावरूनही तिची फिरकी घेतात.

तर तिचं काम असं, की गावानं एका खडकाच्या पट्ट्यात चार महिने जाळं टाकू नये, हे लोकांच्या गळी उतरवायचं. माणसं निम्मी-अर्धी तयार आहेत. बाया नाहीत. टोपली त्यांची रिकामी राहणार ना! मागच्या बैठकीत एक म्हातारी उठली. साऱ्या बाया तिचं ऐकतात. ती पोरीले म्हणाली, "तुज्या घरातलो कोण उपाशी रवलो काय गो ह्येच्यापायी?" आता पोरीनं काय करावं? तिनं तुमची गोष्ट सांगितली. माझ्या नानानं तलावाचा एक कोपरा राखला होता, एकदा स्वतःच मोह झाला अन् कोपरा मोडला, मंग स्वतःच शिक्षा घेतली, वर्षभर जाळं खुंटीले टांगलं. पोरीले वाटलं बाया गप होतील. त्या म्हातारीनं मांडीवर हात मारला. "आज्यानच मोडल्यान! मगे आमका कित्या सांगतस?" आज्यानंच मोडला, मंग आम्हाले काहून सांगते! अन् सारी बैठक हसली, बाबा. तुमच्यावर.

ही गोष्ट पोरीले मीच सांगितली होती, लहानपणी, जेवू घालता घालता. जशी तुम्ही गावाले सांगितली तशीच.

आता मले सारखा तो तलाव दिसते. आपण पाच घरं मिळून तो भाडेपट्ट्यानं घेतला होता. एकेका घराची आठवड्याची पाळी, ज्याची पाळी त्याचं जाळं. पूर्वेच्या बाजूनं पाणी उथळ, तिथं देवधानाचं गवत, कमळाची पानं, शेवाळ, सारा गिचका. काठावरची बेशरमाची झाडं तुम्ही दरवर्षी मुळासकट उपटायचे, पण त्या गिचक्यातलं एक काडी गवत कोणाले तोडू द्यायचे नाही. मृगापासून चार महिने तिथं पाय ठेवायचा नाही. पाण्यात चार बांबू रोवायचे अन् त्यांले कडुनिंबाच्या डहाळ्या बांधायचे, बाळंतिणीच्या दाराले बांधतात तशा. "ही तलावाची बाळंतिणीची खोली हाय," म्हणायचे. "तिथं कोणी जोडे घालून जाते का?" डहाळ्या सुकल्या की बदलायचे. लोक हसायचे, पण पाळायचे. जो मोडेल त्याचं जाळं एक वर्ष खुंटीले, हा नेम पाचही घरांनी वडाखाली बसून कबूल केला होता. आई माझ्या पाठच्या बाळंतपणात गेली, अन् त्यानंतरच्या वर्षीच तुम्ही तो कोपरा राखायले लागले, हे मले फार उशिरा सुचलं. तोवर विचारायले तुम्ही नव्हते.

त्या वर्षी मी बारा वर्षांची. आखाडीच्या सुमाराले तुम्ही भंडाऱ्याकडं आत्याच्या तेरवीले गेले, चार दिवस. मी घरात एकटी, रात्री झोपायले शेजारच्या काकूकडं. काकू, म्हणजे आपल्या भागीदाराचीच बायको, जीभ काय ती! दोन दिवस आधीच मले म्हणाली होती, "तुझ्या बापाचा कोपरा पाहा किती घाण झाला. बिनबाईचं घर तसाच तलाव." मले ते लागलं. मले वाटलं, बाबा थकतात म्हणून होत नाही, आपण करून ठेवू, बाबा खूश होतील. विळा घेतला अन् उतरली पाण्यात. दोन दिवस उपसून राहिली; त्या आठवड्याची पाळी आपलीच, म्हणून दुसरं कोणी तिकडं फिरकलं नाही. देवधान, शेवाळ, कमळाचे देठ, सारं काठावर. नेम मले माहीत होता, पण तो नेम जाळ्याचा आहे, झाडूचा नाही, असं माझ्या डोक्यात. घर झाडायले कोणाले मनाई असते का? कोपरा आरशासारखा केला. अन् त्या मोकळ्या पाण्यात दोन मोठ्या मरळी जागच्या जागी घुटमळून राहिल्या, पळेनात. मी म्हटलं, देवानंच दिल्या. टोपलं घातलं वरून.

तुम्ही आले, पाय धुतले, मी ताट वाढलं. मरळीचा रस्सा, जवसाची चटणी, भात. तुम्ही पहिला घास घेतला अन् विचारलं, "कुठली गं?" मी छाती फुगवून सांगितलं, "आपल्या कोपऱ्यातली. मी साफ केला, बाबा, पूर्ण." तुमचा हात ताटात थांबला. मले वाटलं आता शाबासकी. तुम्ही भात कालवला. मंग सारं जेवले, काटा न काटा चोखून. हात धुताना एवढंच म्हणाले, "जीव गेला तं वाया नको जायले."

सकाळी मले तलावावर नेलं. मोकळ्या पाण्यात वरच एक लाल गोळा फिरून राहिला होता, वाटीएवढा, जसं पाण्यात कुंकू सांडलं. जवळ गेल्यावर कळलं, पिल्लं आहेत, शेकड्यानं, एकमेकांले चिकटून. काठावर दोन बगळे उभे. तुम्ही म्हणाले, "मरळ पिल्लं सोडून पळत नाही. म्हणून सापडली तुले. यांचे माय-बाप तुझ्या कढईत गेले, लपायचं गवत काठावर पडलं. आता तूच." अन् माझ्या हातात काठी दिली. मारलं असतं तं बरं झालं असतं, बाबा. मारलेलं विसरते माणूस.

तेवढ्यात काकू आली. काठावरचा गवताचा ढीग पाहिला, निंबाच्या डहाळ्यांचे बांबू आडवे पडलेले पाहिले, अन् जे ओरडली! घटकाभरात पाची घरं वडाखाली. मी तुमच्या मागं, काठी घट्ट धरून. "कोणी केलं?" विचारलं. माझं तोंड उघडलंच होतं, तुम्ही म्हणाले, "मी." इतकं सहज म्हणाले की मलेही क्षणभर खरं वाटलं. काकू म्हणाली, "तुम्ही तं काल सांजेले आले!" तुम्ही म्हणाले, "जायच्या आधी केलं." तो छत्तीसगढी भागीदार, तुमच्यापेक्षा मोठा, हात जोडून म्हणाला, "वाह भैया, नियम घलो तोर, अउ टोरइया घलो तैं!" नियमही तुझा अन् मोडणाराही तूच! सारे हसले. तुम्ही पण थोडे हसले. घरी गेले, जाळं आणलं, सर्वांसमोर वडाच्या खुंटीले टांगलं. वाटेत मी रडायले लागली तं मले म्हणाले, "कोणाले सांगू नको. मी चार दिवस हसू करून घेईन. तुले इथंच मोठं व्हायचं हाय, यांच्याच घरांत."

ते चार दिवस वर्षभर चालले. जाळं खुंटीले, म्हणून तुम्ही रायपूरजवळच्या उरला गावात, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये लागले. पाण्याचा माणूस लोखंडाच्या धगीत. सांजेले घरी यायचे तं भुवयांतही काळी धूळ, अन् पाणी प्यायचे ते घागर संपेपर्यंत. डाव्या हाताले तो लांब डाग पडला तो तिथलाच. नंतर कोणी विचारलं तं म्हणायचे, मरळीनं चावलं. मले पाहून म्हणायचे अन् मिशीत हसायचे. एकदाही टोमणा नाही. मी इकडं काठी घेऊन काठावर. बगळे हाकलते, खंड्या हाकलते, काठावरचं ओलं देवधान परत चिखलात खोवते. शाळा सुरू झाली होती. तुम्ही रोज म्हणायचे, जा. सहावीची पुस्तकं फडक्यात बांधून तशीच राहिली. हे तुमच्यावर नाही, मीच गेली नाही. लाल गोळा काळा झाला, मंग पांगला. किती जगले देव जाणे, पण तिसऱ्या वर्षी त्याच कोपऱ्यात मरळीनं पुन्हा घरटं केलं. तेव्हा तुम्ही मले खांद्याले धरून दाखवलं, अन् म्हणाले, "पाहा, तुझी नातवंडं."

आज त्या तलावाले सिमेंटचा काठ आहे, फिरायले रस्ता आहे, कारंजं आहे. कोपरा नाही. मी बाजारात बसते, बर्फातल्या पेट्या फोडते. पावसाच्या दिवसांत गाभोळीची मरळ माझ्या पाट्यावर येत नाही. गाडीवाले साहेब म्हणतात, "दीदी, अंडेवाली दो ना." मी म्हणते, पुढं जा. धंदा जातो, तं जातो. हे मी कोणाकडून शिकली, हे मले रोज आठवते. वर्गात बसून राहिली असती तं आतापर्यंत विसरली असती. तुमचे उपकार मी तोंडानं कधी बोलली नाही. आपल्या घरात ती रीतच नाही. पण तुम्ही मले त्या वडाखाली बारा वर्षांच्या पोरीची लाज झाकून दिली, अन् शिक्षा मात्र दोघांनी मिळून केली, हे मी रोज मासा सोलताना मानते.

तर आता पाहा. पोरीनं काल फोन केला. "मम्मी, तू आ जा. अगली बैठक में तू बोल. तेरी मराठी उनको समझ आएगी, मेरी हिंदी पर तो सब हँसते हैं." मी म्हटलं, माझ्या मराठीवर तं जास्तच हसतील. अन् बोलू काय? बाप चोर होता, पण चांगला चोर होता? त्या म्हातारीनं विचारलं ते बरोबर विचारलं, बाबा. कोण उपाशी राहिलं? मी तिच्यासमोर बसली तं खोटं सांगता येणार नाही. तीही मासे विकते, मीही विकते. मले सांगावं लागेल की मोडणारी ही इथं बसली आहे, झाडू घेऊन गेली होती, अन् माझ्या बापानं कधी एक काडी तोडली नाही. मंग ते चार महिने ठेवतील का नाही, ते त्यांचं पाणी अन् त्यांची टोपली. पण तुम्हाले हसणार नाहीत. तेवढ्यासाठी तुमची मनाई काढून घ्या. ज्या लोकांत मले मोठं व्हायचं होतं ते सगळे आता गेले, काकूही गेली. आता कोणाले लपवता?

हा कागद कुठं टाकायचा ते मले माहीत नाही. तलावात टाकला तं कारंज्यात अडकेल. मीठ-मसाल्याच्या डब्याखाली राहील. एक आणखी सांगते, आजवर मनातही म्हटलं नाही. त्या दिवशी तुम्ही यायच्या आधी मी रस्सा चाखून पाहिला होता. मरळ लय गोड होती, बाबा. इतकी गोड नंतर कधीच लागली नाही. अन् शेपटीचा तुकडा मी आधीच खाऊन घेतला होता, तुम्हाले वाढला तो उरलेला.

पोरगी रविवारी सकाळी तिकीट काढणार आहे. स्वप्नात येऊन सांगू नका, स्वप्न मले सकाळी आठवत नाही. दुसरं कसंही सांगा. हो तं हो, नाही तं नाही. पण शनिवारच्या सांजेपर्यंत मले उत्तर पाहिजे.